शर्टाचं दुसरं बटण

"डमी आहे रे. सरळ दिसतंय. माणसाचा पाय असा वळतो का?"

पडद्यावर माझा भाऊ चौथ्यांदा पडत होता. दुसऱ्या मजल्यावरून खाली, पाठीवर, धुळीत. सोफ्यावरचे पाच जण हसत होते. मी कॉफीचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे उभा होतो.

"परत लाव. स्लो कर."

पाचव्यांदा पडला.

सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीचं क्लबहाउस मी सांभाळतो. जिममधली वजनं जागेवर ठेवायची, एसी चालू-बंद करायचा, रविवारी सकाळी या मंडळींना कॉफी द्यायची. पाचही जण चाळिशीतले, कंपन्यांमध्ये मोठ्या हुद्द्यांवर. लहानपणी पाहिलेल्या नव्वदच्या दशकातल्या फायटिंगच्या पिक्चरांचं त्यांना वेड. कुठली किक खरी लागली, कुठे दोरी दिसते, कुठे हिरोच्या जागी डुप्लिकेट आहे, यावर ते तासन्‌तास भांडतात. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला आवडायचं. आमच्या कामाकडे इतकं बारीक बघणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते काम बघत होते, माणूस नाही, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

त्यांच्यातले निखिल सर पुण्याचे. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. "आणि ही मिस्टेक बघा. खाली आपटल्यावर शर्टाची सगळी बटणं आहेत. पुढच्याच शॉटला हिरो उठतो, तेव्हा दुसरं बटण गायब! काय बेक्कार कंटिन्युइटी आहे यार."

सगळे खो खो हसले.

मग सरांना मी दिसलो. "अरे, काकांनाच विचारू की! काका पिक्चरमध्ये फायटर होते. काका, सांगा बरं, ही डमी आहे की डुप्लिकेट? आमची पैज लागलीये."

पाच चेहरे माझ्याकडे वळले. पडद्यावर शॉट मागे नेलेला, भाऊ हवेत थांबलेला. पाठ आमच्याकडे.

मी म्हणालो, "डमी सर."

टाळ्या पडल्या. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, एक्स्पर्ट ओपिनियन!" मी सगळ्यांना कॉफी दिली. एक थेंबही सांडला नाही. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

भावाला मी अण्णा म्हणायचो. आम्ही यशवंतपूरचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. किती पिढ्यांमागे आलो ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गल्लीतल्या तालमीत शिकला, तिथून फाइट मास्तरांनी उचलला. वर्षभरात मीही त्याच्या मागे गेलो. तो हिरोचा डुप्लिकेट, मी मार खाणाऱ्या गुंडांतला एक. अण्णा चाळीस लोकांत उठून दिसायचा. पण दिसायचं नाही हेच तर त्याचं काम होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. "मुख तोरिसबेडा." तोंड दाखवायचं नाही. किक मारताना, पडताना, काच फोडताना, तोंड कॅमेऱ्याकडे वळलं की शॉट वाया आणि वर आईवरून शिवी. हळूहळू अण्णाला तशी सवयच झाली. घरातल्या लग्नाच्या फोटोतही तो मान वळवून उभा आहे. आई चिडायची, "अरे मेल्या, घरात तरी तोंड दाखव की!" त्याने पंचवीसेक पिक्चर केले. आजही कुठेकुठे लागतात. एकातही त्याचा चेहरा नाही.

तो शॉट येलहंक्याला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर होता. खाली रिकामे खोके रचलेले, वर गादी. असं पडायची आम्हाला सवय होती. खोके रचायचं काम आमचंच, गुंडांचं. सगळं लागलं. कॅमेऱ्यातून बघून कुणीतरी ओरडलं, खोक्यांची कड दिसतेय, एक थर काढा. काढला. तरी दिसतेय. आणखी एक काढला. सूर्य खाली चालला होता, सगळे घाईत. मास्तरांनी वर बघून विचारलं, चालेल का. अण्णा वरून म्हणाला, "सरी मास्तर. स्वल्प अडजस्ट करतो." ठीक आहे, थोडं सांभाळून घेतो.

या गावात हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, दुकानदार म्हणतो, घरमालक म्हणतो. दर वेळी मला तो वर उभा दिसतो.

अण्णा पडला. आवाज वेगळाच आला. खोके दबल्याचा नाही. "शॉट ओके!" सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. इतकं खरं पडणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टाळ्या चालू होत्या आणि अण्णा उठत नव्हता.

मी धावलो. त्याचे डोळे उघडे होते. म्हणाला, "पाय आहेत का रे?"

तेवढ्यात मॅनेजर आला. हिरोचा पुढचा शॉट होता, धुळीतून उठून छाती पुढे काढून उभं राहण्याचा. त्याला तोच शर्ट पाहिजे होता. तीच धूळ, तीच फाटलेली बाही. हिरोच्या अंगातला शर्ट कोरा होता, आणि उजेड जात होता. मॅनेजर मला म्हणाला, "शर्ट बिच्चो. बेग, बेग." काढ, लवकर.

मी काढला.

कुणी धरून करायला लावलं नाही. माझ्याच हातांनी काढला. बटणं सोडली. दुसरं निघेना, ओढलं, ते हातातच तुटून आलं. मग त्याला काखेत धरून उचललं, बाह्या ओढल्या, पाठीखालून शर्ट सोडवला. अण्णाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कागदावर लिहू शकत नाही. हिरोने लांबूनच हात पुढे केला. त्याने शर्ट चढवला, धुळीत आडवा झाला, उठला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हसला. अण्णा उघड्या अंगाने टेम्पोत पडलेला. शॉट संपेपर्यंत टेम्पो थांबवून ठेवला होता, आवाज नको म्हणून.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर याला कुणी हलवलं?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. वाटेत त्याने पढवलं होतं, घरच्या जिन्यावरून पडला म्हणून सांगायचं, नाहीतर या लाइनीत दोघांनाही काम नाही. मी म्हणालो, "कुणी नाही. जिन्यावरून पडला." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगला. कमरेखाली काही नाही. आई त्याला कूस बदलवायची, मी धुवायचो. तो शर्टाचं कधी बोलला नाही. एकदाही नाही. बोलला असता, थोबाडीत मारली असती, तर मी सुटलो असतो. युनिटमधलं कुणी फिरकलं नाही. हिरोच्या मुलाखती मात्र यायच्या, स्टंट आपण स्वतःच करतो म्हणून. अण्णा त्या नीट ऐकायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

तो गेल्यापासून मला त्याची पाठच दिसते. बसमध्ये पुढच्या सीटवर रुंद पाठीचा माणूस बसला की मी उठून पुढे जातो, त्याचं तोंड बघतो. पहाटे जाग येण्याआधी तो येतो. दारात उभा, उघड्या अंगाने, पाठमोरा. मी हाक मारतो. वळत नाही.

त्या रविवारी "डमी सर" म्हणून घरी गेलो आणि आईचा शिवणाचा डबा काढला. आई आता नाही, डबा आहे. तळाशी ते बटण होतं. तपकिरी, चार भोकांचं. त्यात दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला. डॉक्टरांपुढे त्याला जिन्यावरून पाडलं होतं. आज पाच जणांपुढे त्याला माणसांतूनच काढलं. तेही कशासाठी? कुणी धमकी दिली नव्हती. मॅनेजरही आता जिवंत नाही. निव्वळ सवय. जिभेला लागलेली गुलामी. मला माझीच किळस आली.

पुढच्या रविवारी निखिल सरांचा नवा बेत होता. "काका, आज मॅटवर एकदा पडून दाखवा ना, त्या डमीसारखं! आपण व्हिडिओ करू. आणि बोला तुमच्या त्या मराठीत. काय फनी मराठी आहे तुमचं, स्वल्प, सरी. मला जाम आवडतं."

मॅट मीच अंथरले. अंथरणं हे माझं काम. मागे पडद्यावर तो शॉट लागला. सगळ्यांनी फोन वर धरले.

"काका, ॲक्शन!"

मी मॅटवर उभा होतो. गुडघे आपोआप वाकायला लागले. शरीर कुत्र्यासारखं आज्ञा पाळतं. मी गुडघे सरळ केले.

"नाही पडणार."

"अरे काका, लागणार नाही. मॅट आहे."

"तिथेपण गादी होती सर. ती डमी नव्हती. मी खोटं बोललो. तो अण्णा माझा. नागोजी राव त्याचं नाव. तिथून पडला तो परत उठलाच नाही." मी खिशातून बटण काढून त्यांच्यासमोर धरलं. "आणि ही तुमची मिस्टेक. त्याच्या अंगावरचा शर्ट काढून हिरोला दिला. काढला कोणी? मी काढला."

कुणीतरी पिक्चर बंद केला. एक जण हळू आवाजात "सॉरी" म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला असावा. मला वाटलं, झालं, आता कुणीतरी त्याचं नाव तरी परत उच्चारेल.

निखिल सरांचे डोळे चमकत होते. "काका, हे... हे अमेझिंग आहे. हे लोकांपुढे यायलाच पाहिजे. आत्ताच रेकॉर्ड करू. बटणाचा एक क्लोजअप घेऊ." त्यांनी खुर्ची ओढली, खिडकीकडे फिरवली. "फक्त चेहरा नको. उगाच लफडं व्हायचं. तुम्ही असे पाठमोरे बसा. मिस्टीरियस पण वाटेल."

पाठमोरे बसा.

मी खुर्ची उचलली आणि फिरवून फोनसमोर ठेवली. बसलो. म्हणालो, "घ्या. तोंड दिसलं पाहिजे. आधी त्याचं नाव, मग बाकीचं. आणि बटण हातात देणार नाही."

सरांनी फोन खाली घेतला. "बघू काका. नंतर करू."

ते नंतर काही आलं नाही. सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला क्लबहाउसमधून काढून गेटवर टाकलं. म्हणाले, "स्वल्प अडजस्ट माडी."

"आगल्ला," मी म्हणालो. जमणार नाही. "क्लबहाउसमधून का काढलं, ते लिहून द्या." त्यांनी अजून दिलेलं नाही. मी रोज मागतो. गेटवर उभा राहूनच मागतो. निखिल सरांची गाडी येते, काच वर असते. मी वाकून सलाम करत नाही, सरळ त्यांच्याकडे बघतो.

अण्णा अजून पहाटे येतो, अजून पाठमोराच. बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात, माझं झालेलं नाही. त्याने वळावं, माफ करावं, असं मी आता मागतही नाही.

पण ते खोटं आता माझ्या तोंडून निघणार नाही. तो पिक्चर जिथे लागेल, हॉटेलात, सलूनमध्ये, कुणाच्या फोनवर, तिथे मी समोर जाऊन उभा राहणार. पडला तो नागोजी राव. शर्ट काढला मी. माझं तोंड नीट बघून घ्या.