उंबऱ्यापुरती ठिणगी

जपानमधल्या क्योटोत आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर उतरलो होतो, त्याच्यासमोर गेशांचं, म्हणजे नाच-गाण्याने पाहुण्यांची करमणूक करणाऱ्या बायकांचं, घर होतं. संध्याकाळी दार सरकलं आणि चेहरा पांढरा रंगवलेली एक तरुण गेशा कामाला निघाली. उंबऱ्यातल्या म्हातारीने गारगोटीवर लोखंडाचा तुकडा घासला. मुलीच्या पाठीमागे इवलीशी ठिणगी उडाली.

"वाटेत काही वाईट भेटू नये म्हणून," आमची घरमालकीण म्हणाली. परीक्षेला निघताना आई माझ्या हातावर दही ठेवायची, ते आठवलं.

कोपऱ्यावर दहा-बारा पर्यटकांनी त्या मुलीला घेरलं. कुणी फोन तिच्या तोंडाशी नेला, एकाने बाही धरली. ती मान खाली घालून, पायातल्या उंच खडावांनी जमेल तेवढी भरभर चालत राहिली.

"पूर्वी लोक बाजूला होऊन वाट द्यायचे," घरमालकीण पुटपुटली.

म्हातारीने पुन्हा एकदा गारगोटी घासली. इतक्या लांबून उपयोग नाही, हे तिलाही कळत असावं. घरच्यांच्या हातात असतं ते चमचाभर दही नाहीतर एक ठिणगी, आणि ते उंबऱ्यापुरतंच पुरतं.

मग म्हातारीने वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. माझ्याही हातात फोटो काढायला उचललेला फोन होता. तो खाली घ्यायच्या आत तिने मला कमरेत वाकून नमस्कार केला.