फिटची वाट पाहणारी

वॉर्डात त्या सिस्टरला सगळे बगळी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि फारसं खटकतही नव्हतं. कामच तसं होतं. पेशंटच्या उशाशी सिरिंज धरून बसायचं आणि फिट येईपर्यंत जागचं हलायचं नाही. मेंदूच्या ज्या कोपऱ्यातून फिट उठते तिकडे रक्त धावतं. त्याच क्षणी सलाइनच्या नळीतून औषध सोडलं, तर ते रक्ताबरोबर जाऊन तिथेच चिकटतं आणि नंतर काढलेल्या मेंदूच्या फोटोत तो कोपरा उजळतो. उशीर झाला, तर मग फोटो बघा नाहीतर भिंत बघा, सारखंच. फिट येऊ नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. ही बाई ती यावी म्हणून बसायची.

काल उशीर झाला होता. खाटेवरच्या मुलीचे ओठ काही चघळल्यासारखे हलू लागले, आणि शेजारी बसलेल्या आईने चटकन चादर ओढून लेकीचं तोंड, हात, नळी, सगळं झाकून टाकलं. शाळेत, बसमध्ये, पाहुण्यांत तिने आजवर हेच केलं होतं. चादरीखाली नळी सापडेपर्यंत वेळ हुकली.

आज शेवटची संधी. फिटच्या गोळ्या बंद ठेवून मुलीला आणखी थांबवणं धोक्याचं होतं, आणि फोटोशिवाय सर्जन तो कोपरा काढायच्या ऑपरेशनला हात लावणार नव्हते. त्यात सिरिंजमधलं औषध दुपारपर्यंतच टिकायचं.

"आई, तुम्ही बाहेर बसा बघू."

"मी नसले की घाबरते हो ती. हाताची घडी घालून बसते, मग तर झालं?"

सिस्टरचा जीव टांगणीला लागला. नजर ठेवायची कुणावर, मुलीच्या ओठांवर की आईच्या हातांवर? जेवणाची ट्रॉली आली, गेली. औषध आता वाया जाणार, असं तिला वाटू लागलं.

तेवढ्यात आईचा हात चादरीकडे गेला. सिस्टर ओरडली.

"अहो, नको!"

आईने चादर खसकन ओढून जमिनीवर फेकली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "आली! सिस्टर, आली!"

सिरिंज रिकामी झाली. वेळेत. आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात जमली होती. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पण काही झाकलं नाही.

बऱ्याच वेळाने मुलगी भानावर आली आणि दर फिटनंतर विचारायची तेच तिने विचारलं, "आई, कोणी पाहिलं का गं?"

"हो बाळा," आई म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं."