ग्लेनिस पास्कोचा डावीकडचा समुद्र

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी सकाळी पेलिकन इनलेटच्या बेकरीत, सॉसेज रोलच्या रांगेत, पहिल्यांदा कळलं की ग्लेनिस पास्कोने नवऱ्याला भर रस्त्यात उतरवलं आणि गाडीमागे जोडलेली कॅराव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन ती एकटीच मेलबर्नला निघून गेली. बातमी पक्की होती. बेकरीवाल्या शॅरनची नणंद तिकडे केप फॅलनला राहते. तिने नेव्हिल पास्कोला, म्हणजे आपल्या नेवला, रस्त्याच्या कडेने एकट्याने चालताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पायात रबरी चपला आणि मान खाली. दहा वाजता बातमी पोस्टात पोचली तेव्हा नेवच्या हातात एक बोचकं आलं होतं. बारा वाजता बोलिंग क्लबात पोचली तेव्हा ग्लेनिसच्या शेजारच्या सीटवर एक दाढीवाला बसला होता. ही दाढी पोस्ट आणि क्लब यांच्यामध्ये कुणी वाढवली, ते आजवर कळलेलं नाही.

खरी गोष्ट इतकीच, की ग्लेनिसने नवऱ्याला उतरवलं नव्हतं. तो आपल्या पायांनी उतरला होता, आणि कारण पोटाचं सांगितलं होतं. ग्लेनिस मेलबर्नलाही गेली नाही. ती कॅराव्हान घेऊन बरोबर अठरा मीटर गेली, आणि तेही मागे.

ग्लेनिस सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तिने ने-आण केलेली. आजही ती दुकानात शिरली की बँकेचा मॅनेजर तोंडातलं च्युइंगगम गिळतो. मागे वळून ती कधी बघायची नाही. आरशात बघायची, आणि आरशात तिचे डोळे दिसले की मागच्या बाकावरचं भांडण आपोआप मिटायचं. त्या सत्तावीस वर्षांत तिने रोज दोनदा तोच रस्ता तुडवला. त्या रस्त्याला ठिकठिकाणी तपकिरी पाट्या होत्या: अमुक भूशिर, तमुक कडा, समुद्रदर्शन दोन किलोमीटर. बसला तिकडे वळायची मुभा नव्हती. सुट्टी लागली की नेव तिला आपल्या भावाकडे वाग्गाला न्यायचा. तिथे समुद्र नाही. गहू आहे. नेव म्हणायचा, "समुद्र काय बघायचा? मी रोज त्यातच असतो." तो मासेमारीच्या बोटीवर होता, त्यामुळे त्याचंही खोटं नव्हतं. ग्लेनिसने मात्र त्या रस्त्यावरच्या आणि त्याच्याही पुढच्या चौदा जागांची यादी केली आणि ती फ्रिजवर लावली. यादी इतकी वर्षं तिथे होती, की मधल्या काळात दोन फ्रिज बदलले.

आता नेव. नेव म्हणजे गावचा परीक्षक. डिसेंबर-जानेवारीत शहरातले लोक गाडीमागे बोटी जोडून येतात, आणि आमच्या धक्क्याच्या उतारावरून त्या उलट्या, म्हणजे गाडी मागे घेत, पाण्यात सोडतात. त्या वेळी गावातली निम्मी माणसं घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी घेऊन वर बसतात आणि गुण देतात. मधली खुर्ची नेवची. पुठ्ठ्यावर लिहिलेले आकडे त्याच्याच मांडीवर. मागे एकदा कॅनबेराच्या एका दंतवैद्याने बोटीबरोबर गाडीही पाण्यात घातली, पार बॉनेटपर्यंत. नेवने साडेनऊ दिले. "अर्धा का कापलास?" लोकांनी विचारलं. नेव म्हणाला, "वायपर चालू केले नाहीत ना."

असा हा माणूस. दुसऱ्याचं बघायचं वाकून ही त्याची कला, आणि आपलं ठेवायचं झाकून हीसुद्धा. कारण त्याची स्वतःची बोट बारा महिने पाण्यात, जेटीला बांधलेली असायची. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने गाडीला जोडलेली एकही वस्तू उलटी नेलेली नव्हती. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने बावीस फुटी कॅराव्हान घेतली. फ्रिजवरची यादी काढून ग्लेनिसच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल. चौदाच्या चौदा." ग्लेनिसने त्याला भर दारात मिठी मारली. शेजाऱ्यांनी पडदे सारून पाहिलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना लगेच फोन गेले.

रविवारी भल्या सकाळी दोघं दक्षिणेला निघाली. दक्षिणेला जाताना समुद्र सगळा वेळ डावीकडे, आणि डावीकडच्या सीटवर ग्लेनिस, मांडीवर दुर्बीण. टाथ्राच्या आधी पहिली तपकिरी पाटी आली.

"नेव, ही बघ एक नंबर. वळ."

"वारा आहे गं."

पाटी गेली. मेरिम्बुलाजवळ दुसरी आली.

"आता वारा नाहीये."

"तिथे गर्दी असते. परतताना बघू."

तिसरी आली तेव्हा उतार फार होता. चौथी आली तेव्हा मागून ट्रक येत होता. ट्रक बराच मागे होता, दिसतही नव्हता, पण नेवला तो जाणवत होता. पाचवीला नेवने एवढ्या जोरात खोकायला घेतलं, की ग्लेनिस पाठ चोळत बसली आणि पाटी निघून गेली. मुक्काम ईडनला पडला, पेट्रोल पंपामागच्या एका मोकळ्या पट्ट्यावर. खिडकीतून टायरांचा ढीग दिसत होता.

"इथे का रे?"

"शांत आहे," नेव म्हणाला. बाजूला डिझेलचा पंप घरघरत होता.

दुसऱ्या दिवशी विक्टोरिया राज्याची हद्द लागली. डावीकडे आता निलगिरी, मग निलगिरी, मग जरा वेगळी निलगिरी. लेक्स एन्ट्रन्सच्या पुढच्या चढावर जगातले सगळे लोक गाडी थांबवून सरोवरं बघतात. तिथे नेव पन्नासच्या वेगाने पुढे गेला आणि म्हणाला, "बघितलंस ना?"

"काय?"

"पाणी."

"नेव, मला एका माणसाचं टक्कल दिसलं. ते चकाकत होतं एवढंच."

त्या संध्याकाळी तो कॅराव्हानच्या मागे उभा राहून हळू आवाजात फोन करताना ग्लेनिसने ऐकलं. "आरपार जागा आहे का तुमच्याकडे? म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर? नाही नाही, समुद्राची नको. आरपार हवी."

तिथे तिच्या डोक्यात उजेड पडला. वारा, गर्दी, उतार, न दिसणारा ट्रक, सगळ्या मण्यांत एकच दोरा होता. समुद्रदर्शनाच्या जागा म्हणजे रस्ता संपतो त्या जागा. तिथे आत गेलं की बाहेर यायला गाडी मागे घ्यावी लागते. तिचा नवरा, गावचा परीक्षक, तिला सातशे किलोमीटर सरळ रेषेत नेत होता.

ती काही बोलली नाही. ग्लेनिस बोलत नाही तेव्हाच काहीतरी ठरवते, हे तिच्या बसमधल्या कुठल्याही पोराने नेवला सांगितलं असतं. यादीतल्या चौदापैकी आता एकच जागा उरली होती, केप फॅलन. तिथे कड्याच्या काठावर दहा जागांचं कॅराव्हान पार्क आहे. दहाही जागा समुद्रासमोर, दहाही उलट्या शिरायच्या. तिने गुपचूप फोन करून आठ नंबर राखून ठेवला आणि नेवला सांगितलं, "उद्याचं मी बघितलंय. पैसे परत मिळत नाहीत."

मंगळवारी संध्याकाळी पाचला ते पोचले. पार्कची बाई खिडकीतून ओरडली, "आठ नंबर ना, सोन्या? सरळ पुढे जा आणि मग मागे घे!" नेवचा चेहरा शिळ्या चहासारखा झाला.

सुट्ट्यांचे दिवस, पाच वाजलेले, आणि बावीस फुटी नवी कोरी कॅराव्हान. चहूकडून खुर्च्या उघडल्याचे खटखट आवाज आले. खुर्च्यांची तोंडं समुद्राकडे होती, ती वळली. त्यात वाग्गाचा एक प्लंबर होता. त्याने नेवकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "अगं, हा तोच! पेलिकन इनलेटचा! गेल्या जानेवारीत मला दोन दिले होते याने! दोन!" मग तो आत जाऊन आणखी बिअर घेऊन आला, आणि येताना शेजाऱ्यांनाही बोलावून आला.

रिवाज असा, की नवरा स्टिअरिंगवर आणि बायको मागे उभी राहून हात हलवणार. ग्लेनिस मागे जाऊन उभी राहिली.

"डावीकडे घे!"

"घेतोय!"

"ते उजवीकडे जातंय, नेव!"

"मी डावीकडेच फिरवतोय!"

"म्हणूनच!"

मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅराव्हान उजवीकडे वळते. ती मांजरासारखी अंग मुडपून बसली. पुढे घेतली, पुन्हा मागे. या वेळी ती पाण्याच्या नळाकडे निघाली.

"थांब! नळ! नळ!"

"तू आरशात दिसत नाहीयेस!"

"मी नळाजवळ आहे! तू नळ बघ!"

"ही जागाच तिरकी आहे!" अंगण वाकडं असल्याचं नेवने जाहीर केलं. तिसऱ्या खेपेला गाडी आणि कॅराव्हान यांचा असा काटकोन झाला, की पार्कचा एकुलता रस्ता बंद पडला. मागे तीन कॅराव्हान येऊन थांबल्या. त्यांतल्या लोकांनीही खुर्च्या काढल्या.

नेव खाली उतरला. इंजिन चालूच ठेवलं. "पोटात कळ आलीय," असं मोठ्यांदा सर्वांना सांगून तो स्वच्छतागृहाकडे गेला. स्वच्छतागृहाला मागून दार होतं.

ग्लेनिस घरघरणाऱ्या गाडीपाशी उभी राहिली. इथे तिची खरी पंचाईत होती. कॅराव्हान उलटी कशी लावायची, हे तिला अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं. बेगा गावाकडच्या बापाच्या गोठ्यावर ती ट्रॅक्टरमागे गवताची गाडी जोडून अरुंद फाटकातून उलटी घालायची. तिथे चूक झाली तर गुण मिळायचे नाहीत, शिव्या मिळायच्या. ती हे नेवला कधी बोलली नव्हती, कारण त्याने विचारलं नव्हतं. आता लावावी, तर पन्नास माणसांसमोर नवऱ्याची शोभा. ही गोष्ट गावी पोचली की जानेवारीत मधल्या खुर्चीवर बसायला त्याला तोंड उरणार नाही. मग तो जानेवारीभर घरात बसेल, तिच्या स्वयंपाकघरात, आणि तिच्या कांदा चिरण्याला गुण देईल. न लावावी, तर पुन्हा पेट्रोल पंप आणि टायरांचा ढीग. चौदातली चौदावी जागा अठरा मीटरवर होती. तिथून वाऱ्याबरोबर खारा वास येत होता, पण कॅराव्हान आडवी असल्यामुळे दिसत काहीच नव्हतं.

प्लंबर उठून पुढे आला. नाही म्हटलं तरी माणूस भला होता. "बाई, मी लावून देऊ का?"

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. आरशातून बघायची तसं. प्लंबरने बिअरचा डबा पाठीमागे लपवला.

"तुम्ही असं करा," ती म्हणाली, "त्या नळाजवळ उभे राहा. तो हलला तर मला सांगा."

ती चालकाच्या सीटवर बसली. सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवला. एकदा गाडी सरळ पुढे घेतली, मग मागे. कॅराव्हानचं बूड हळूच वळलं, नळाला वळसा घालून गेलं, आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवून आपल्या ठिकाणी जाऊन बसलं. कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. फक्त प्लंबरने नळावरचे दोन्ही हात काढले आणि दहाही बोटं वर केली. त्याची बायको म्हणाली, "आणि आमचे हे अजून त्या दोनाचंच रडतात."

ग्लेनिस गाडीतून उतरली. खुर्ची काढली, कड्याच्या काठाशी मांडली आणि बसली. समोर समुद्र होता. मधे पाटी नव्हती, झाड नव्हतं, कुणाचं टक्कलही नव्हतं. लाटा खडकावर येऊन फुटत होत्या, परत जात होत्या आणि परत येत होत्या. परत जायला त्यांना आरपार जागा लागत नव्हती. कुणीतरी तिच्या हातात चहाचा पेला दिला. तिने तो घेतला, पण कुणी दिला ते पाहिलं नाही.

चाळीस मिनिटांनी नेव आला. मागच्या दाराने निघून रस्त्याने गावापर्यंत चालत गेला होता. तिथेच त्याला शॅरनच्या नणंदेने पाहिलं. त्याला वाटलं होतं, की अजून रस्ता अडलेला असेल, लोक शिव्या देत असतील, किंवा कुणाला तरी दया येऊन त्याने काहीतरी केलं असेल. तो आला तर कॅराव्हान आठ नंबरवर अशी उभी, जणू तिथेच बांधली होती.

"कोणी लावली?" त्याने पार्कच्या बाईला विचारलं.

"तुझ्या बायकोने, सोन्या. एका दमात."

नेवने कॅराव्हानला एक पूर्ण फेरी घातली. वाकून चाकं पाहिली. नळ पाहिला. खिशात हात घातले, काढले. "डावीकडचं चाक जरा..." असं म्हणून तो थांबला. प्लंबर त्याच्याकडेच बघत होता. त्याने आपल्या पेटीतून बिअरचा एक थंड डबा काढून नेवच्या हातात ठेवला. नेवला तो डबा फार जड झाला.

शेवटी तो जाऊन ग्लेनिसच्या खुर्चीसमोर उभा राहिला. रबरी चपलांत धूळ, चेहरा शिक्षा भोगून आलेल्या पोरासारखा. मग म्हणाला, "अगं, मी येतच होतो ना. जरा थांबायचं होतंस."

ग्लेनिस म्हणाली, "थांबले की. सातशे किलोमीटर थांबले. आता जरा बाजूला सरक, नेव, समुद्र दिसत नाहीये."