कोऱ्या जागेचं पान

सिंदी मेघेतले आमचे शेजारी काकाजी तरुणपणी ज्या कॉम्प्युटरवर कामाला होते, तो कापसाच्या जिनिंगच्या शेडएवढा होता. त्याच्या एसीमुळे हिंगणघाटपर्यंत लोक मे महिन्यात स्वेटर घालत. ते मशीन अक्षरं सहा-सहाच्या गठ्ठ्यानं साठवी; अशा गठ्ठ्याला शब्द म्हणत. पाचच असली तर सहावं कोरं भरायचं, आणि त्या कोऱ्यालाही इतर अक्षरांसारखा स्वतःचा आकडा असे. मशीन भंगारात गेलं, पण काकाजी अजून जेवायला माणसंसुद्धा सहा-सहाच्या ओळीतच बसवतात.

माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीचं वाढप त्यांच्याकडे होतं. मानपानावरून नवरदेवाचे वडील रुसून उठले आणि मांडवाच्या खांबामागे जाऊन उभे राहिले. वऱ्हाड परत जातं की काय, अशी वेळ आली. त्यांच्या ओळीत पाच जण उरले होते. काकाजींनी सहाव्या, रिकाम्या पाटापुढेही पान वाढलं.

"काकाजी, तिथं कोनी नाई," मी म्हटलं.

"कोरं हाय, पन हाय न बे," म्हणत ते त्या पाटालाच व्याही समजून आग्रह करू लागले. "घ्या इवाईबुवा, लाजू नका. अजून बुंदी घ्या."

बुंदीचा ढीग मांडवाच्या कापडाला टेकला, तेव्हा खांबामागचे गृहस्थ येऊन पाटावर बसले.

"एवढं वाढून राह्यले," ते गुरगुरले, "त तूप काऊन नाई?"