मिठागरवाल्याचे तळवे

ती गोष्ट अजून डोक्यातून उतरलेली नाही. मी चौथी शिकलेला. पोलीस शिपाई म्हणून लागलो, हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता रोह्याजवळ अष्टमी गावात राहतो. नव्वद सालानंतरची गोष्ट, पेण-रोहा पट्ट्यातलं एक ठाणं. नावं लिहीत नाही.

मिठागरावरचं पाणी खेचायचं इंजिन चोरीला गेलं. फौजदारसाहेबांनी संशयावरून तिथल्या एका कामगाराला अटक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आलो तर त्याची बायको फाटकात.

"हवालदार, काल सांजंला मी हितंच बसलेली. आत आमचे हे वरडत व्हते."

कोठडीत जाऊन बघितलं. अंगावर वळ नाही, तळवेही साफ.

साहेब म्हणाले, "काय हवालदार, डॉक्टर झालात?"

माझा बापही मिठागरात राबलेला. चिखल तुडवून तळव्याचं चामडं होतं, काठीचा वळ वर उमटत नाही. मी त्याला म्हटलं, "चार पावलं चाल." मिठागरवाला पाय सपाट टाकतो. हा पावलांच्या कडांवर चालला.

"तळव्यांवर मारलं?"

"व्हय. पन बोललो तर परत मारतील."

"चोवीस तासांत कोर्टापुढं न्यावंच लागतं. तिथं विचारतात, पोलिसांनी मारलं का. सांग. डॉक्टरी तपासणी माग, तुझा हक्क हाय. वकीलपण फुकट मिळतो."

बायको माझ्या मागोमाग आत आली होती, ती गजाबाहेरून म्हणाली, "माज्यावर वरडता तसं तिथं बोला."

मी स्टेशन डायरीत नोंद केली. आरोपी पायाच्या कडेवर चालतो, मारहाण झाल्याचे सांगतो.

साहेब म्हणाले, "पान फाडा."

"पानाला नंबर आहे, साहेब."

"चौथी पास माणूस मला कायदा शिकवणार?"

"तेवढाच येतो, साहेब."

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे?" त्यानं साहेबांकडे बघितलं. "नाय."

मी पुढं झालो. "मॅजिस्ट्रेटसाहेब, त्याला जरा चालायला सांगा."

तो दारापर्यंत चालला आणि परत आला. मॅजिस्ट्रेटनी त्याच्या पायांकडे बघून पुन्हा तेच विचारलं.

बायकोकडे बघून तो म्हणाला, "हाय. तळव्यांवर मारलं."

कोर्टानं त्याला तपासणीला पाठवलं. डॉक्टरनी तळवा दाबला तसा तो कळवळला. जाड कातडीखाली सूज होती. साहेब निलंबित झाले. इंजिन पुढं दुसऱ्याच माणसाकडे सापडलं. माझी महिन्याभरात बदली झाली. तो बदलीचा कागद मी ट्रंकेत जपून ठेवलाय, बक्षिसाच्या कागदांच्या वर.

कोठडीतल्या माणसाला त्याचा हक्क सांगणं हेही पोलिसाचंच काम, हे मी तेव्हा शिकलो. पुढच्या हंगामात मुद्दाम त्या मिठागरावर गेलो. तो चिखल तुडवत होता. मी बांधावर उभा राहून बघितलं. पाय सपाट पडत होते.