अर्धी भाकरी

औरंगपुऱ्यातल्या एका साड्यांच्या दुकानात कडूबाई घड्या घालते. गिऱ्हाईक ढीगभर साड्या उलगडून "बघू पुढच्या वेळी" म्हणत उठतं आणि तो पसारा तिच्या वाट्याला येतो. स्वभावानं बाई कष्टाळू, मायाळू आणि महाहट्टी. एखादी गोष्ट डोक्यात बसली की अख्ख्या गल्लीनं समजावलं तरी हलायची नाही.

यंदा तिच्या डोक्यात सुनेची भाकरी बसली होती. रूपाला सातवा महिना लागला होता आणि कडूबाई तिला अर्धीच भाकरी वाढायची. "लेकरू लहान ऱ्हायलं म्हंजी सुटका सोपी व्हती," एवढंच म्हणायची. त्यात दुष्टावा तिळभर नव्हता. तिची जाऊ लीलाबाई मूल अडून गेली, तेव्हा तिचं डोकं कडूबाईच्या मांडीवर होतं. मुलगा संघपाल एकदा मध्ये बोलला, तर "तू बाळंत झाला व्हता का कधी?" असं विचारून तिनं त्याला गप्प केलं. रूपा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, तिला सगळं कळत होतं. पण सासूच्या डोळ्यांतली भीती पाहिली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. कॉलेजात काहीबाही खाऊन ती भर काढू बघायची. ती भर पुरली नाही.

त्या दिवशी तपासणी झाल्यावर रूपा रिक्षा करून थेट दुकानात आली आणि सासूशेजारी गादीवर बसली.

"आई, बाळाचं वजन वाढत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"मंग बरंच हाय की," कडूबाई म्हणाली. हात घडीवरच होते.

रूपा चिडली नाही. तिनं विचारलं, "तुमची शुगर कुणाकडून आली हो?"

"कुणाकडून नाय. आमच्या खानदानात कुणालाच नव्हती. अन् मी ही अशी काडी."

"तुम्ही पोटात होतात तेव्हा आजी काय खायच्या?"

कडूबाईचे हात थांबले. बहात्तरचा दुष्काळ. फुलंब्रीकडं रस्त्याच्या कामावर माय खडी फोडायची. सुकडी मिळाली तर आधी घरातल्या इतरांना, उरली तर तिला. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. "पानी पेऊन निजायची म्हनं," ती हळूच म्हणाली.

रूपानं वरच्या फळीकडं बोट दाखवलं. तिथं करकचून बांधलेले गठ्ठे होते. "त्यातल्या साड्या चांगल्याच आहेत ना?"

"लई चांगल्या. पर खाली काढल्याबिगर गिऱ्हाईकाला दिसायच्या कशा?"

"आपल्या अंगातही तसंच असतं. पेशीपेशीत माणसापेक्षा लांब धागा बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. शरीर कसं चालवायचं ते त्यावर लिहिलेलं. जिथं सैल, तिथलं वाचलं जातं. जिथं आवळलेलं, ते असून नसल्यासारखं. आईच्या पोटात उपास घडले तर काही गाठी वेगळ्याच बसतात, अन् काही जन्मभर सुटत नाहीत. दुष्काळात पोटात असलेल्या लेकरांना पुढं शुगर जास्त झाली, असं दिसलंय. तुमचं त्यामुळंच झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण माझ्या बाळाच्या गाठी आत्ता बसतायत, आई."

घडी घातलेली साडी कडूबाईनं उगाच उलगडली आणि पुन्हा घातली.

संध्याकाळी ताट वाढताना तिचा हात भाकरी मोडायला गेला. सवयच ती. मग अख्खी भाकरी तिनं रूपाच्या ताटात ठेवली, वर दुसरी, त्यावर तूप. लीलाबाई डोळ्यांपुढं होतीच. भीती काही एका दिवसात जात नाही.

"बाळतपण दवाखान्यातच करायचं," ती म्हणाली. "मी भाईर बसंन."

"हो आई. पण एवढं कसं जाईल मला?"

"जाईल तेवढं खाय. माह्या मायला वाढाया कुणाकडं काय नव्हतं. माह्याकडं व्हतं."

रूपानं पहिला घास मोडला. कडूबाई पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिली.