विहिणीच्या घरचं पाणी

एका दुखण्याचे किस्से किती साठावे? दुखणं नातीचं, किस्से माझ्या पदरात! अक्षर येत नाही, म्हणून सगळे तोंडपाठ.

*

गुड्डी चार वर्षांची. थंडी पडली की हातपाय दुखून रडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. आईबापाकडून येतं हे."

मी "आई" एवढंच ऐकलं! तडक तुकईथडला, सुनेच्या माहेरी. विहीणबाईंनी पाणी पुढे केलं.

"तुमच्या घरचं पाणी नको. दुखणं दिलंत तेवढं पुरे!"

उभ्याउभ्याच परतले.

*

आमच्या सिंधीपुऱ्यातली शेजारीण म्हणाली, "नजर आहे, लिंबू उतरवा." उतरवलं. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणतात, "आजी, त्या लिंबाचं सरबत पाजायचं होतं! गोळ्या रोज, पाणी भरपूर."

*

शाळेतले सर वैतागले. "घडीघडी पाणी, घडीघडी बाथरूम! क्लास डिस्टर्ब होतो."

दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन वर्गाच्या दारात बसले. तिसऱ्या दिवशीही.

"आजी, तुम्ही घरी जा. तिला पाणी मी पाजतो!"

"जाते. आजचं अक्षर तेवढं बघून."

*

डॉक्टर म्हणत होते, दोघांकडून दुखण्याचा एकेक वाटा आला तरच पोर आजारी पडतं. एकच वाटा असलेला माणूस धडधाकट दिसतो. मी म्हटलं, आमच्या घरात काही नाही, दाखवतेच!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही लेकी माहेरी आल्या. मी झोक्याची दोरी कमरेला खोचली. "आधी दवाखाना, मग झोका!"

मुलगा सुनील रोज शंभर जोर मारतो. सुई बघून तोच आडवा!

नर्सनं रक्ताचे थेंब नळ्यांत टाकले. "नळीमागच्या रेघा दिसल्या तर रक्त चांगलं."

लेकींच्या दिसल्या. सून मंगलाच्या नाही. सुनीलच्याही नाही. मग माझी नळी. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

पुढची तपासणीही तेच म्हणाली. मंगलात एक वाटा, सुनीलमध्ये एक, माझ्यात एक.

नळ्या पाहिल्या त्या दिवशी मंगला माझ्या बोटावर कापूस दाबून उभी राहिली.

*

रिपोर्ट आला त्याच दिवशी तुकईथडची बस धरली. विहीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. कागद पुढे धरला.

"मला कुठे वाचता येतं?"

"मलाही नाही. म्हणून तोंडानं सांगते. अर्धं माझ्या घरचं आहे. मुलाला मीच दिलं."

त्या उठून आत गेल्या. भांडी वाजत राहिली. मग तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी घटाघट रिकामा केला.

"थांबा, अजून आणते," विहीणबाई म्हणाल्या. "डॉक्टर सांगतात ना, पाणी भरपूर प्यायचं!"